पाकोळीची वही

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह, मृत्युपत्र आणि गच्चीवरची बाग असे उपयोगाचे विषय झाले. सेक्रेटरी साहेबांनी मला विचारलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी मुदत ठेवींवर बोलेन. मी म्हटलं, व्याजदर तुम्हाला पेपरात वाचायला मिळतात. मी विमानांवर बोलतो. तेही इंजिन नसलेल्या, हातानं बनवलेल्या आणि हवेत कोलांट्या मारणाऱ्या विमानांवर. आपल्या सोसायटीला ए, बी आणि सी अशा तीन विंग आहेत. माझ्या घरात आणखी अर्धा डझन आहेत, आणि त्या कपाटावर ठेवाव्या लागतात, ही आमच्या सौभाग्यवतींची तक्रार तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. ग्लायडर म्हणजे इंजिनाशिवाय उडणारं विमान. माझं ग्लायडर दीड मीटर लांब पंखांचं, साधारण ६४० ग्रॅम वजनाचं. त्यात एक छोटी बॅटरी असते, पण ती पंखा फिरवत नाही. ती फक्त रेडिओ रिसीव्हर आणि पंख-शेपटीचे पडदे हलवणाऱ्या सर्व्हो मोटर चालवते. उडण्याची ताकद वाऱ्याची. समुद्राकडून येणारा वारा सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या उतारावर आपटला की त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो. त्या चढत्या वाऱ्यात घार पंख न हलवता तासभर राहते. तिथेच आमचं ग्लायडर राहतं.

नुसतं तरंगणं वेगळं आणि कसरत वेगळी. कसरत म्हणजे लूप, रोल, पाठीवर उडणं, सूर मारून वर येणं. फ्रान्समध्ये मॉडेलवाल्यांनी या प्रकाराची एक खास शैली बनवली आहे. तिच्या नावाचा अर्थच 'डोंगराच्या अगदी जवळची कसरत' असा आहे. हात-दोन हात उंचीवरून उतार चाटत जायचं, पाठीवर व्हायचं आणि पुन्हा सरळ. माणसाला बसता येणारी कसरतीची ग्लायडरंही असतात. जर्मनीतलं १९५२ सालचं लो-१०० हे फक्त १० मीटर पंखांचं होतं. पोलंडचं दोन आसनी फॉक्स १४ मीटरचं. लांब पल्ल्याच्या स्पर्धांतली ग्लायडरं १५, १८, क्वचित २५ मीटरच्याही पुढे जातात. कसरतीला पंख आखूड आणि दणकट लागतात, कारण लांब काठी गरकन फिरवता येत नाही.

आता इंजिन नाही, तर कसरतीला लागणारी ताकद आणायची कुठून? इथे मला माझी जुनी नोकरी उपयोगी पडते. उंची म्हणजे बचत खात्यातली शिल्लक आणि वेग म्हणजे हातातली रोकड. सूर मारला की शिल्लक काढून रोकड घेतली. वर चढलं की रोकड परत भरली. ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे हिशेबानं सुमारे २० मीटर उंची, म्हणजे आपल्यासारख्या इमारतीचे जवळजवळ सात मजले. पण प्रत्येक व्यवहारावर हवा आपले चार्जेस कापून घेते. त्याला हवेचा अवरोध म्हणतात. चढता वारा हा पगार. चांगलं कसरती ग्लायडर कोणतं? ज्याचे चार्जेस कमी, म्हणजे सुरातून वर आल्यावर जे जवळपास आधीच्याच उंचीवर पोचतं ते.

त्यात शरीरावर पडणारा ताण पाहा. समजा, ८ मीटर व्यासाचा गोल लूप मारायचा आहे. वरच्या टोकाला विमान गळून पडू नये इतका वेग हवा असेल, तर अवरोध सोडून दिला तरी तळाशी ताशी ५० किलोमीटर वेग लागतो. आणि त्या तळाशी पंखांना विमानाचं सहापट वजन पेलावं लागतं. ६४० ग्रॅमचं ग्लायडर क्षणभर ३ किलो ८४० ग्रॅमचं होतं. म्हणून पंखाच्या पोटात कार्बनची नळी घालावी लागते.

दुसरी गंमत पंखाच्या आकाराची. नेहमीच्या ग्लायडरचा पंख आडवा कापून पाहिला तर वरून फुगीर आणि खालून बराचसा सपाट दिसतो. सरळ उडताना तो फार कार्यक्षम, पण पाठीवर उडवला की कुरकुरतो. कसरतीला पंख दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर लागतो. त्याला सममित छेद म्हणतात. सरळ उडण्यातली थोडी कार्यक्षमता सोडायची आणि उलटं उडण्याची सोय मिळवायची, असा हा सौदा. अमेरिकेतल्या नाका या सरकारी संस्थेनं १९३३ साली ७८ पंखछेदांच्या चाचण्यांचा अहवाल छापला. त्यांची आकडेवारी आजही वापरात आहे. ००१२ असा क्रमांक असेल तर पहिली दोन शून्यं सांगतात की पंखाला बाक नाही, आणि १२ सांगतात की जाडी रुंदीच्या १२ टक्के. माझ्या पंखाची रुंदी २०० मिलिमीटर आहे, म्हणजे जाडी २४ मिलिमीटर. किती सुटसुटीत पद्धत! आमच्या बँकेच्या खाते क्रमांकांपेक्षा बरी.

मग पुस्तकातला आकार घ्यायचा आणि कापायचा, एवढंच का? नाही. लहान आकाराला आणि कमी वेगाला हवा वेगळी वागते. पाकोळीला हवा जितकी दाट वाटते तितकी जंबो जेटला वाटत नाही, असं सोप्या भाषेत म्हणू. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडमधल्या प्राध्यापकांनी १८८३ साली नळीतल्या पाण्याच्या प्रवाहावर प्रयोग केले, आणि त्यातून पुढे रेनॉल्ड्स अंक आला. प्रवासी विमानासाठी तो कोटींत जातो. माझ्या ग्लायडरसाठी, ताशी ३६ किलोमीटर वेगाला, तो लाख-सव्वा लाखाच्या आसपास असतो. म्हणून मोठ्या विमानाची लहान प्रत काढली की ती चांगली उडेलच असं नसतं. एमआयटीतले मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एक्सफॉइल नावाचा संगणक प्रोग्रॅम लिहिला. तो फुकट मिळतो आणि कमी रेनॉल्ड्स अंकालाही बऱ्यापैकी उत्तर देतो. नातवानं तो मला लॅपटॉपवर घालून दिला. पण संगणक अंदाजपत्रक देतो. ताळेबंद डोंगरावरच होतो.

हे काही माझं शहाणपण नाही. राइट बंधूंनी १९०० साली पहिलं ग्लायडर किटी हॉकच्या वाळूत बरंचसं पतंगासारखं दोरीनं उडवून पाहिलं. १९०१ च्या ग्लायडरला छापील तक्त्यांप्रमाणे मिळायला हवा तेवढा उचल मिळेना. तेव्हा त्यांनी घरी एक वाऱ्याची पेटी बनवून सुमारे २०० पंखांचे छोटे नमुने तपासले. १९०२ चं ग्लायडर त्यातून आलं. त्याची शेपूट आधी पक्की बसवलेली होती, चाचण्या पाहून ती हलती केली. त्या मोसमात त्यांनी ७०० ते १००० उड्डाणं केली असं सांगतात. इंजिन आलं त्यानंतर, १९०३ मध्ये.

आता माझ्या ग्लायडरकडे येतो. त्याचं नाव 'पाकोळी'. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या पाण्याच्या टाकीभोवती गिरक्या घेणारे ते छोटे काळे पक्षी बघता ना, त्यांच्यावरून. पाकोळीचे आतापर्यंत तीन नमुने झाले. पंख ईपीपी नावाच्या फोमचे. मिक्सर किंवा टीव्हीच्या खोक्यात कधी कधी जो लवचीक पांढरा फोम येतो तो. थर्माकोल दाबला की चुरा होतो, हा दाबला की परत जागेवर येतो. सनमायकाचे साचे करायचे आणि तापलेल्या तारेनं फोम कापायचा. शेपटीला बाल्सा लाकूड.

पहिल्या पाकोळीचा पंख १२ टक्के जाडीचा होता. गुणी लेकरू. सरळ उडो की उलटं, सारखंच शांत, आणि वेग कमी झाला तरी डगमगत नसे. पण वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की ते पुढे सरकेना, आणि लूप संपवून आलं की बरीच उंची खर्च झालेली असे. चार्जेस जास्त.

दुसऱ्या पाकोळीत फक्त पंख बदलला, जाडी ९ टक्के. धड, शेपूट, वजन, सगळं तेच. ती सुरात सणसणत जायची आणि उंची छान राखायची. पण दोन गोष्टी दिसल्या. जोरात वळवली की एक पंख अचानक झुकायचा, कारण पातळ पंख हवेची पकड एकदम सोडतो. दुसरं म्हणजे वेगात गेली की भर्रर्र असा आवाज यायचा. तो पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या एलेरॉनचा. पडदा थोडा लवचीक आणि सांध्यात जरा ढिलाई असली की ठरावीक वेगाला तो आपोआप फडफडू लागतो, आणि वेग वाढवत गेलं तर पंखासकट सगळं मोडू शकतं. मोठ्या विमानांनाही या रोगाची तितकीच भीती असते. उपाय म्हणून पडद्याला कार्बनची पट्टी लावली आणि सांधे घट्ट केले. आवाज गेला.

तिसरी पाकोळी १० टक्क्यांची. धड थोडं उंच केलं, म्हणजे कुशीवर उडताना धडालाच पंखाचं काम करता येतं. आणि एलेव्हेटर वर गेला की पंखाचे मागचे पडदे थोडे खाली यावेत अशी जोडणी रेडिओत केली. त्यानं लूप लहान होतो.

प्रत्येक नमुन्याची चाचणी एकाच क्रमानं. घरी आधी पंख मुरगळलेला नाही ना ते पाहायचं, पडदे किती मिलिमीटर हलतात ते पट्टीनं मोजायचं, गुरुत्वमध्य बोटांवर तोलायचा. मग मऊ गवतात हातानं सोडून दोन-चार सरळ झेपा. त्यानंतर डोंगरावर, मध्यम वाऱ्यात आणि भरपूर उंचीवर. वेग कमी करत करत ते कुठे गळतं ते पाहायचं. मग सूर मारून काठी सोडून द्यायची. नाक आपोआप झपाट्यानं वर आलं तर वजन फार पुढे आहे. नाक आणखी खाली वळू लागलं तर वजन फार मागे आहे, आणि ते धोक्याचं. कसरतीच्या ग्लायडरनं जवळजवळ सरळ रेषेत जायला हवं. मग पाठीवर करून पाहायचं की सपाट ठेवायला काठी किती ढकलावी लागते. हे सगळं उंचावर दहा वेळा पार पडलं की मगच उताराजवळ.

आणि प्रत्येक उड्डाण वहीत. तारीख, वाऱ्याचा वेग, गुरुत्वमध्य, काय बदललं, काय दिसलं. कसरतींसाठी स्पेनचे वैमानिक होसे लुईस अरेस्टी यांनी रेघांची आणि बाणांची चिन्हं तयार केली आहेत, जगभर स्पर्धांत तीच वापरतात. ती शिकली की अख्खं उड्डाण एका ओळीत मावतं. एका वेळी एकच बदल करायचा हा वहीचा पहिला नियम. दोन केले तर फरक कशानं पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पण मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे. बँकेत मेकर आणि चेकर वेगळे असतात. ज्यानं नोंद केली त्यानंच ती पास करायची नाही. माणूस लबाड असतो म्हणून हा नियम आहे असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की तो प्रामाणिक माणसासाठी जास्त गरजेचा आहे. आपण लिहिलेल्या आकड्यावर आपली नजर प्रेमानं फिरते. ग्लायडरचंही तसंच. महिनाभर खपून केलेला बदल डोंगरावर चांगलाच वाटतो. हात नकळत सांभाळून घेतो आणि तोंड म्हणतं, वा!

म्हणून पाकोळीला चेकर आहे. आपल्याच सी विंगमधली इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी. नाव घेतलेलं तिला आवडणार नाही. तिसऱ्या पाकोळीचा गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून ६२, ६६ आणि ७० मिलिमीटर अशा तीन जागा ठरवल्या. मी तिच्याकडे पाठ करून नाकातलं शिसं आत-बाहेर करायचो. तिला जागा सांगायची नाही. तिनं उडवायचं, ठरलेल्या सहा कसरती करायच्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, प्रत्येक जागा चार वेळा आली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तिचे गुण आणि माझी यादी समोरासमोर ठेवली.

मला ६६ आवडत होतं. तिचे सर्वांत जास्त गुण ७० ला. उलटं उडताना काठी जवळजवळ ढकलावीच लागत नाही, असा तिचा शेरा. पण तिनंच खाली लिहिलं होतं, "सुरात सोडून दिलं तर स्वतःहून वर येत नाही. नवशिक्याला देऊ नये." मग काय केलं? धडावर दोन खुणा केल्या. शिकणाऱ्यासाठी ६६, सरावलेल्या हातासाठी ७०. मी एकटा असतो तर एकच खूण झाली असती, आणि ती माझ्या हाताला सोयीची तेवढी. तिच्यामुळे डिझाइनला दोन माणसांचं काम करता येऊ लागलं.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण पालक मंडळी इथे बसली आहेत. ६४० ग्रॅमचं ग्लायडर ताशी ८० किलोमीटर वेगानं येत असेल तर त्याच्यात ताशी १४० किलोमीटरच्या क्रिकेट बॉलपेक्षा सव्वापटीहून जास्त ऊर्जा असते. म्हणून सोसायटीच्या बागेत किंवा गच्चीवरून ते कधीच उडणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले, तेव्हापासून डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे भाग दाखवलेले आहेत. जाण्याआधी तो पाहायचा. डोंगराच्या कडेमागे वाऱ्याचा भोवरा असतो, तिथे कोणी उभं राहायचं नाही. कामशेतच्या बाजूला पॅराग्लायडिंगवाले असतात. माणूस हवेत दिसला की मॉडेल जमिनीवर, यात चर्चा नाही. गुराखी पोरं जमतात, त्यांना उडवणाऱ्याच्या पाठीमागे बसवायचं आणि शेवटी रेडिओ हातात द्यायचा. ती आनंदानं नियम पाळतात.

नेहमी एक प्रश्न येतो. "काका, याचा उपयोग काय? बाजारात तयार ड्रोन मिळतं, सोडलं की स्वतःच स्थिर राहतं." बरोबर आहे. ड्रोन स्थिर राहतं कारण आतला संगणक क्षणाक्षणाला सांभाळून घेतो. बनवणाऱ्यानं काय विचार केला होता ते तुम्हाला कधी कळतच नाही. ग्लायडरमध्ये तुमचा विचार उघडा पडतो. पंख दोन मिलिमीटर मुरगळला तर ते एका बाजूला जातंच. वाऱ्याला तुमचं वय, हुद्दा, मार्क काही ठाऊक नसतं. तो वशिला मानत नाही. आपलं मत तपासायला देण्याची, आणि निकाल वेगळा आला तर तो शांतपणे वहीत लिहिण्याची सवय पंधराव्या वर्षी लागली, तर ती पुढे दवाखान्यात, कारखान्यात, संसारात कुठेही उपयोगी पडेल. मला ती कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागली. तिथे एरोमॉडेलिंग शिकवत. चेंडूसारखं हातानं फेकायचं छोटं बाल्सा ग्लायडर होतं ते.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण वहीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. चौथी पाकोळी टेबलावर आहे. तिची शेपूट पूर्णच्या पूर्ण हलणारी असेल, म्हणजे पुढे जाता जाता ती नाकावरून गरकन कोलांटी घेईल. त्या कोलांटीत विमान क्षणभर उडत नसतं, नुसतं फिरत असतं. ते पुन्हा उडतं करायला किती उंची लागते हे मोजायचं आहे. त्यासाठी दीडशे मीटरवरच्या करड्या ठिपक्याची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे अर्ध्या सेकंदात ओळखता आलं पाहिजे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं छान झाली आहेत, पण ते अर्धं सेकंद आता माझ्याकडे नाही. गुडघे डोंगर चढतात, मात्र दर वेळी अटी वाढवतात. तेव्हा मी मेकर राहणार. चेकर तुमच्यातून हवेत. सी विंगची आमची परीक्षक पुढच्या वर्षी नोकरीला लागेल, कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हणून मी तीन गोष्टी आपल्या सोसायटीच्या वाचनालयाला देतो आहे. पाकोळीच्या तिन्ही नमुन्यांचे सनमायकाचे साचे, त्यांचे मापासह कागद, आणि ही वही. वहीची पहिली १३६ पानं भरली आहेत, पुढची कोरी आहेत. रेडिओ माझ्याकडे दोन आहेत, एक गुरुच्या हातात आणि एक शिष्याच्या, मध्ये जोडणी. शिष्याचं काही बिनसलं की गुरू ताबा घेतो. कार्यकारिणीनं जिन्याखालच्या खोलीत रविवारी सकाळी दोन तास बसायची परवानगी दिली आहे, त्याबद्दल आभार. तापलेली तार मोठ्यांच्याच हातात राहील आणि फोमचा कचरा आम्हीच झाडू, हे वॉचमन काकांना लेखी दिलं आहे.

मुलांनो, आणि मुलींनो, येताना एकच तयारी करून या. चौथ्या पाकोळीत तुम्हाला काय बदलायचं आहे ते एका कागदावर लिहून आणा. तो बदल आपण करू. आणि ती उडवून गुण देईल दुसरंच कोणीतरी.

पंचवीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या आपल्या सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.